रानवाटेवरच्या गोचिडी मोजायच्या कशा? तिलारी परिसरातील आमचे आकडे जुळत नाहीत

प्रश्न – सड्यावरचा वाटाड्या (दोडामार्ग)

नमस्कार. आम्ही दोडामार्ग तालुक्यातील सात-आठ जण सुट्टीच्या दिवशी तिलारीच्या खोऱ्यातील पायवाटांनी हिंडतो आणि बाहेरून येणाऱ्या मंडळींना रान दाखवतो. २०१६ साली आमच्या तालुक्यात गोचिडी चावून होणाऱ्या माकडतापाची साथ आली, तेव्हापासून दर हिवाळ्यात आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो: या वाटेवर गोचिडी आहेत का? आजवर आम्ही "यंदा जरा जास्त दिसतात" किंवा "तशा फार नाहीत" असे मोघम उत्तर देत आलो. ज्यांच्या ओळखीतल्या घरात त्या तापाने माणूस गेले आहे, त्यांना असे उत्तर देताना मनाला लागते, म्हणून यंदा मोजूनच सांगायचे ठरवले.

वनखात्याच्या स्थानिक कार्यालयातून परवानगी घेतली. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे पांढऱ्या फलालीनचे कापड बांबूच्या काठीला शिवून घेतले आणि तीन वाटा निवडल्या. एक वाट ओढ्याच्या काठाने दाट रानातून जाते, दुसरी काजूच्या बागांमधून देवराईकडे जाते आणि तिसरी उघड्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून जाते. प्रत्येक वाटेच्या कडेने शंभर मीटर कापड जमिनीवरून ओढत न्यायचे आणि शेवटी उलटून त्यावरच्या गोचिडी मोजायच्या, अशी आमची रीत आहे.

देवराईच्या वाटेवर नोव्हेंबरच्या अखेरीस सकाळी सात वाजता कापड ओढले तेव्हा ४ गोचिडी मिळाल्या. तीन आठवड्यांनी त्याच वाटेवर सकाळी दहाच्या सुमारास ओढले, तर कापडाच्या एका कोपऱ्यात तपकिरी भुकटी सांडल्यासारखे दिसले. वाकून पाहिले तर ती भुकटी चालत होती. मोजता मोजता ३०० च्या पुढे गेलो आणि मोजणे सोडून दिले. ओढ्याच्या वाटेवर दोन्ही वेळा दहाच्या आत आकडा आला. सड्यावर दोन्ही वेळा एकही मिळाली नाही.

आता आमच्यात मतभेद झाले आहेत. काही जण म्हणतात की देवराईच्या वाटेवर धोक्याचा फलक लावावा, कारण तीन आठवड्यांत गोचिडी पाऊणशे पटीने वाढल्या आहेत. काही जण म्हणतात की सड्याची नोंद वहीत ठेवण्यात अर्थ नाही. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत, परंतु का पटत नाहीत ते नीट मांडता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – कीटकांची वही (पुणे)

आपण मोजणीला आरंभ केलात आणि परवानगी घेऊन केलात, याचा फार आनंद झाला. मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि गोचिडींच्या नमुन्यांवर काही वर्षे काम केले आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या "चालणाऱ्या भुकटी"तच दडलेले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ज्या गोचिडीचा माकडतापाशी सर्वांत जवळचा संबंध आहे, तिचे शास्त्रीय नाव हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. अंड्यातून बाहेर पडलेल्या तिच्या डिंभाला सहाच पाय असतात. तो एखाद्या उंदराला, पक्ष्याला किंवा माकडाला चिकटून रक्त पितो, गळून जमिनीवर पडतो आणि कात टाकून आठ पायांचा निम्फ होतो. निम्फ पुन्हा नवा प्राणी शोधतो, गळतो आणि प्रौढ होतो. प्रौढ गोचीड गुरांसारख्या मोठ्या जनावरांवर वाढते आणि पोट भरल्यावर मादी पालापाचोळ्यात एकाच जागी हजाराच्या घरात अंडी घालून मरते. आपल्याकडे पावसाळ्यात प्रौढ गोचिडी, पाऊस सरल्यावर डिंभ आणि साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत निम्फ, असा हा फेरा चालतो.

आता आपल्या कापडाकडे पाहू. एका जागी मिळालेले ३०० जीव बहुधा एकाच मादीची, एकाच ढिगातली पिल्ले होती. ती फुटल्यावर फार लांब जात नाहीत. जवळच्या गवताच्या पात्यावर घोस करून बसतात. आपले कापड त्या पात्यावरून गेले म्हणून आकडा ३०० झाला, दोन हात बाजूने गेले असते तर तो कदाचित ५ आला असता. त्यामुळे या दोन दिवसांतला फरक गोचिडींच्या वाढीचा मानता येणार नाही. कापड कुठून गेले, त्याचा तो फरक आहे. पाऊणशे पटीची वाढ हे वाक्य कृपया कुठेही लिहू नये.

यावर उपाय सोपा आहे. डिंभ, निम्फ आणि प्रौढ यांची नोंद तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग खिशात असले की सहा पाय की आठ पाय हे ओळखता येते. खसखशीच्या दाण्याहून बारीक दिसतो तो डिंभ आणि तिळापेक्षा लहान पण डोळ्यांना स्पष्ट दिसतो तो निम्फ, हे काही दिवसांच्या सवयीने भिंगाशिवायही कळू लागते. डिंभांचे घोस मोजत बसू नका, "घोस १" एवढेच लिहा. वाटेविषयी निष्कर्ष काढायचा तो निम्फांच्या रकान्यावरून काढा. याचे कारण असे की या जातीत विषाणू सहसा मादीकडून अंड्यात उतरत नाही. डिंभ आजारी माकडाचे किंवा उंदीर-चिचुंद्रीचे रक्त पितो तेव्हा त्याला लागण होते आणि ती कात टाकल्यावरही निम्फात टिकते. माणसाला चावण्यातही निम्फच पुढे असतो. म्हणजे मोजायला सर्वांत अवघड, डोळ्यांत न भरणारा आणि आपल्या कामाचा असा जीव एकच आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी सातला तिलारीच्या खोऱ्यात गवतावर दव असते. ओले फलालीन गोचिडींना नीट पकडत नाही आणि पकडलेल्या घासून पडतात, त्यामुळे आपला पहिला आकडा ४ हा खऱ्यापेक्षा कमी असण्याची दाट शक्यता आहे. दव वाळल्यावर, पण ऊन चढण्यापूर्वी ओढावे. भर दुपारी गोचिडी अंगातला ओलावा टिकवण्यासाठी पाचोळ्यात खाली उतरतात आणि कापडाला सापडत नाहीत. आपल्याकडे हिवाळ्यात साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ मला सोयीची वाटते. कोणतीही वेळ ठरवा, पण सर्व वाटांवर आणि सर्व दिवशी तीच पाळा.

तिसरी गोष्ट, कापड शंभर मीटर ओढून शेवटी उलटणे चुकीचे आहे. लांबवर ओढत नेले की चिकटलेल्या गोचिडी वाटेत गळत जातात. दर दहा मीटरला थांबा, कापडाच्या दोन्ही बाजू पाहा, मोजा, चिमट्याने उचला आणि ७० टक्के अल्कोहोल भरलेल्या घट्ट झाकणाच्या कुपीत टाका. त्यामुळे शंभर मीटरच्या एका ओढीचे दहा तुकडे आपोआप पडतात, आणि त्यातून फार उपयोगी माप हाती येते: दहापैकी किती तुकड्यांत निदान एक निम्फ मिळाला? एका तुकड्यात ३० निम्फ आले तरी हे माप एकानेच वाढते, म्हणून घोळक्यांमुळे होणारी उलथापालथ त्यात येत नाही. एकूण निम्फांची संख्याही शेजारी लिहावी. आपले कापड एक मीटर रुंद असल्यामुळे ती थेट दर १०० चौरस मीटरची घनता होते.

सड्याचे शून्य काढून टाकण्याच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. मोजून मिळालेले शून्य आणि न मोजलेली वाट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सड्यावर पाचोळा नाही, सावली नाही, गुरे आणि माकडे थांबावीत असा आडोसा नाही. तिथे शून्य येणे आणि तेच देवराईच्या कडेला न येणे, यावरून गोचिडींना काय लागते ते कळते. शिवाय उद्या सड्यावर एखादा निम्फ मिळाला तर ती बातमी ठरेल, आणि आधीची शून्ये लिहिलेली असतील तरच ती बातमी म्हणून ओळखता येईल.

उत्तर – बोंडूवाला (सत्तरी)

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला काजू बागायतदार आहे. आमच्याकडे २०१५ साली माकडताप आला आणि त्याचा फटका बसला तो बहुतांशी काजूबिया गोळा करणाऱ्या हातांना. कारण उघड आहे. बोंडू, म्हणजे काजूचे फळ, पिकून पडतो तो जानेवारीनंतर, आणि निम्फांचाही तोच मोसम. बी वेचणारा माणूस वाकून, कधी उकिडवा बसून, पाचोळ्यात हात घालून काम करतो. पायवाटेने चालत जाणारा प्रवासी आणि तासन्‌तास पाचोळ्यात हात घालणारी बाई यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. वाटेची कड मोजताच आहात, तर त्याच जागी पाच मीटर आत, जिथे माणसे प्रत्यक्ष काम करतात, तिथेही एक ओढ घ्या. आमच्या बागेत आम्ही बी पडण्याआधी झाडाखाली बेणून, म्हणजे गवत-झुडपे काढून घेतो आणि पातेरा (पाचोळा) ओढून एका बाजूला ढीग करतो. झाडाखालची मोकळी जमीन आणि ढिगाची कड यांत कापडावर पडणारा फरक पाहिल्यापासून मी ढीग वाटेच्या कडेला करणे सोडले. पूर्वी आम्हीच गोचिडींना वाटेवर आणून बसवत होतो असे आज वाटते आणि त्याचे वाईटही वाटते. आपली देवराईची वाट बागांमधून जाते असे आपण लिहिले आहे, तर बेणणी कोणत्या दिवशी झाली याची तारीख वहीत अवश्य लिहावी. नाहीतर बेणल्यामुळे कमी झालेला आकडा आपण हवामानाच्या नावावर टाकाल.

पातेरा अगदी जवळून पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली, तीही सांगतो. काजूचे वाळलेले पान वाटीसारखे वळते. सकाळी ते उलटे केले की आतली बाजू दुपारपर्यंत गार आणि ओलसर असते. एकदा अशा पानाच्या कडेवर एक निम्फ मागच्या पायांवर उभा राहून पुढचे दोन पाय हवेत पसरून बसलेला दिसला. मी तोंड जवळ नेले, श्वास त्याच्यावर गेला, आणि तो जिकडून श्वास आला तिकडे वळून चालू लागला. तेव्हापासून बागेत बसून जेवायचे असेल तर मी गोणपाट अंथरतो आणि उठताना ते उलटे करून पाहतो.

उत्तर – पशुवैद्य (सावंतवाडी तालुका)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. गुरांविषयी थोडे लिहितो, कारण ते बहुधा सुटते.

गोठ्यात गायीच्या अंगावर दिसणारी प्रत्येक गोचीड रानातल्या मोजणीत धरू नये. आपल्या गुरांवर सर्वाधिक आढळणारी निळसर राखी गोचीड डिंभापासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहते, त्यामुळे तिचे निम्फ कापडाला क्वचितच लागतात. माकडतापाची गोचीड आयुष्यात तीन वेगळ्या प्राण्यांवर रक्त पिते, म्हणून प्रत्येक वेळी जमिनीवर येते आणि पायवाटेवर भेटते. ओळख पक्की करण्यासाठी नमुने तज्ज्ञांना दाखवणे भाग आहे. भिंगातून जाती ठरवण्याचा मोह टाळावा. मात्र ज्या पायवाटेने गुरे रोज रानात जातात आणि जिथे ती दुपारी रवंथ करत बसतात, त्या जागा नकाशावर टिपून ठेवा. पावसाळ्यात पोट भरलेल्या माद्या तिथेच गळतात आणि पुढच्या हिवाळ्यातले डिंभांचे घोस तिथल्याच आसपास सापडतात. आपल्या त्या ३०० डिंभांच्या जागी गुरांची बसण्याची जागा आहे का, हे कृपया पाहून कळवावे.

आणखी एक कळकळीची विनंती. मोजणी करताना मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, फोटोसाठीही नाही. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड पडत चाललेले शरीर सोडून खाली उतरतात, आणि त्या जागी लागण झालेल्या गोचिडींचा साठा तयार होतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात हा रोग प्रथम ओळखला गेला, तोही आधी माकडे मरू लागली म्हणूनच; पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना सुरुवातीला तो पीतज्वर असावा अशी धास्ती वाटली होती. आजही माकडांचे मरणे हीच पहिली सूचना असते. जागा लक्षात ठेवून मागे फिरा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र व वनखाते या दोघांना त्याच दिवशी कळवा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – सड्यावरचा वाटाड्या (दोडामार्ग)

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा देवराईच्या वाटेवर गेलो, या वेळी भिंग घेऊन आणि साडेनऊनंतर. त्या दिवशी कुपीत ठेवलेले नमुने आधी तपासले होते; पाहिले तेवढ्या सर्वांना सहाच पाय होते. पशुवैद्यांनी विचारलेली गोष्टही खरी निघाली. घोस मिळाला तिथून वीस पावलांवर एक मोठा आंबा आहे आणि त्याच्या सावलीत गुरे बसतात. आम्ही त्या आंब्याखालून कितीतरी वेळा गेलो आहोत, पण या नजरेने कधी पाहिले नव्हते.

दर दहा मीटरला थांबून ओढ घेतली. वाटेच्या कडेला दहापैकी ३ तुकड्यांत निम्फ मिळाले, एकूण ५. पाच मीटर आत दहापैकी ६ तुकड्यांत मिळाले, एकूण ११. सड्यावर पुन्हा शून्य, आणि या वेळी ते शून्य मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिले.

आता एकच शंका उरते. दहापैकी ३ म्हणजे वाट सुरक्षित आहे की नाही? लोक आकडा विचारत नाहीत, ते "जाऊ का?" असे विचारतात.

उत्तर – ग्रामीण डॉक्टर (सिंधुदुर्ग)

या शंकेचे उत्तर मी देतो, कारण तापाचे रुग्ण माझ्यासमोर येतात.

गोचिडींची संख्या आणि लागण झालेल्या गोचिडींची संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या वाटेवर शेकडो निम्फ असून एकातही विषाणू नसेल, आणि दुसऱ्या वाटेवर मोजके असून त्यातला एक पुरेसा ठरेल. विषाणू आहे की नाही हे आपल्या कापडावरून कधीच कळणार नाही. ती तपासणी कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच होते आणि त्यासाठीचे नमुने आरोग्य विभागामार्फतच गेले पाहिजेत. आपण ते टपालाने कुठेही पाठवू नयेत, आणि नखाने चिरडून पाहण्याची जुनी सवय असेल तर ती आजपासून सोडावी. म्हणून फलकावर "सुरक्षित" किंवा "धोकादायक" असे दोन्ही शब्द लिहू नका. दहापैकी ३ हे माप गेल्या पंधरवड्याशी, शेजारच्या वाटेशी आणि पुढच्या वर्षीच्या याच आठवड्याशी ताडून पाहण्यासाठी आहे. त्यावरून आपण इतके निश्चित सांगू शकता की निम्फांचा मोसम सुरू झाला आहे, कडेपेक्षा आत जास्त आहेत, आणि वाटेच्या मधोमध चालावे. विचारणाऱ्याला एवढे सांगितले तरी त्याच्या वागण्यात फरक पडतो.

ओढ घेणाऱ्यांची काळजी मला अधिक वाटते, कारण आपण मुद्दाम गोचिडींच्या जागी जात आहात. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यांत खोचलेली विजार, गमबूट आणि उघड्या त्वचेवर गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल, एवढे झाल्याशिवाय कोणी काठी हातात घेऊ नये. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकून साबणाने आंघोळ करावी आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागची बाजू, कानामागची जागा दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. चिकटलेली गोचीड टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तेल, चुना किंवा पेटती काडी लावू नये.

शेवटच्या ओढीनंतर दोन आठवडे प्रत्येकाने आपल्या तब्येतीवर लक्ष ठेवावे. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक मोठा ताप, असह्य डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर वाट पाहू नका. डॉक्टरांना ताप सांगण्याआधी "मी रानात गोचिडी मोजत होतो" हे सांगा. या रोगात शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. त्यावर नेमके औषध नाही, पण वेळेवर दाखल झालेल्या रुग्णाला सलाईन आणि रक्तस्रावावरील उपचारांचा खरोखर उपयोग होतो.

उत्तर – कीटकांची वही (पुणे)

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. एका गोष्टीची भर घालतो. एका ओढीवरून काहीच ठरवू नका. जमिनीवर जेवढ्या गोचिडी असतात त्यांतला थोडाच भाग कापडाला लागतो, आणि तो भाग वारा, ऊन, ओल यांनुसार बदलतो. प्रत्येक वाटेवर शंभर मीटरच्या निदान पाच जागा खुणेच्या झाडांनी ठरवा, त्याच जागा दर पंधरा दिवसांनी मे अखेरपर्यंत ओढा, आणि प्रत्येक वेळी तापमान, आर्द्रता, ओढणाऱ्याचे नाव व कापड कितव्यांदा धुतले ते लिहा. ओढणाऱ्याचे नाव यासाठी की एक जण भराभर चालतो आणि दुसरा रेंगाळतो, आणि आकड्यात तो फरक उतरतो. शक्य असेल तर एका वाटेवर एकाच माणसाने मोसमभर ओढावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – सड्यावरचा वाटाड्या (दोडामार्ग)

समजले. धोक्याचा फलक रद्द केला. त्याऐवजी देवराईच्या वाटेच्या तोंडाशी एक काळी पाटी लावत आहोत. तिच्यावर ओढीची तारीख, कडेचे आणि आतले तुकडे, आणि "मधून चाला, बसू नका, घरी गेल्यावर अंग तपासा" एवढेच असेल. आंब्याखाली गुरे बसवू नयेत म्हणून वाडीतल्या गुराख्यांशी बोलणे झाले आहे. त्यांनी गुरे वरच्या कातळावर नेण्याचे मान्य केले आहे. पाचही जागांच्या झाडांना चुन्याचे पट्टे मारून झाले आहेत. पुढची ओढ येत्या रविवारी, दव वाळल्यावर, आणि देवराईच्या वाटेवर कापड मे अखेरपर्यंत मीच ओढणार आहे.